शेवटचे दोन मीटर

७ जानेवारी २०२६, बुधवार

आज सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, सालेटोल्याच्या सार्वजनिक वाचनालयात, एकोणीस माणसांसमोर, श्रवण मंडळाचे अध्यक्ष आणि राईस मिलचे मालक गुणवंतराव भोयर मला म्हणाले, "बाई, तुमचे कान रिटायर झाले. आता तुम्ही बी होऊन जा."

शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस सांगायच्या, रागानं लिहायचं असेल तर आधी तारीख, वेळ आणि जागा लिही, म्हणजे राग रांगेत उभा राहतो. लिहिलं. राग रांगेत उभा आहे, पण ढकलाढकली करतो आहे.

झालं असं. मी तीस वर्षं रेडिओत नोकरी केली. त्या काळात धानोऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतून बायकांची गाणी टेप केली. रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, लग्नाची, पाळण्याची. एक्केचाळीस कॅसेट. निवृत्त होऊन तीन वर्षांपूर्वी गावी परतले, तेव्हा त्या वाचनालयाला दिल्या. कुणी तरी दान दिलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर तिथे होतेच. दर शनिवारी चार वाजता आम्ही ऐकायला बसतो. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर नकला करायचं काम माझ्याकडे आहे. गाणाऱ्यांतल्या बहुतेक जणी आता नाहीत. या कॅसेटशिवाय त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नाही.

दिवाळीपासून स्पीकरमध्ये घरघर यायला लागली. गाण्याच्या मागे कुणी तरी जातं ओढतंय अशी. आज गुणवंतरावांनी नागपूरहून एका ऑडिओ केबलवाल्याला बोलावलं. तो बाजाराच्या दिवशीच येऊ शकत होता, म्हणून आजची खास बैठक. त्यानं अ‍ॅम्प्लिफायरची साधी काळी वायर काढली आणि धामणीएवढी जाड, जाळीदार कातड्याची वायर लावली. भिंतीतल्या सॉकेटपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत. एवढंच.

घरघर गेली. हे मी मान्य करते. मीही ऐकलं.

कॅसेट सतरा, बी बाजू, तिसरं गाणं लागलं आणि लोक माना डोलवायला लागले. कुणी म्हणे खोली उघडली, कुणी म्हणे पडदा सरकला. मी एवढंच म्हटलं, की आता जुनी वायर परत लावा आणि हेच गाणं पुन्हा वाजवा, म्हणजे कळेल. साधी गोष्ट. गुणवंतराव उठले, केबलवर हात ठेवून उभे राहिले, जणू मी गाभाऱ्यातली पिंडच उखडायला निघाले होते. डोळे लाल. आणि मग ते वाक्य.

वर ठराव. सगळ्या कॅसेट ३१ तारखेला त्या केबलवाल्याकडे नागपूरला जाणार. नकला तो करणार. पुनमनं, म्हणजे आमच्या ग्रंथपाल मुलीनं, माझ्याकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. तिनं नजर खाली घातली. मी नाही.

८ जानेवारी

वीज सबस्टेशनहून सालेटोल्याला येते ती किती तरी मैल अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून. खांबांवर माकडं, तारांवर पतंगांची शेपटं, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीत पालींचे संसार. त्यानंतर वाचनालयाच्या भिंतीतली चाळीस वर्षांची वायरिंग. आणि शेवटचे दोन मीटर राजेशाही! नदीचं गढूळ पाणी आणून चांदीच्या पेल्यात ओतलं तर ते गाळून निघतं काय?

हे मी आज पुनमला सांगितलं. ती म्हणाली, "पण बाई, साफ तं आलं ना आवाज." मुलीचं लक्ष फळाकडे, झाडाकडे नाही.

१९९८ मध्ये मी एका संशोधकाला सहा कॅसेट विश्वासानं दिल्या होत्या. आज त्यांवर कुणाच्या तरी साळ्याच्या लग्नातला बँड वाजत असेल. एक्केचाळीस जाऊ देणार नाही.

१० जानेवारी, शनिवार

घरघर परत आली! धामण जागच्या जागी, जाळी चमकते आहे, आणि मागे जातं सुरू.

गुणवंतरावांनी नागपूरला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. केबलवाला म्हणाला, केबल नवी आहे, मुरायला वेळ लागतो.

"लोणचं आहे का ते?" मी विचारलं.

लोक हसले. गुणवंतराव हसले नाहीत. म्हणाले, "मुरू द्या मंग. थांबू आपुन." आणि नंतर सगळा वेळ स्पीकरजवळ कान नेऊन बसले. तिसरं गाणं पुन्हा लावायला सांगितलं. त्यात ऐकायला घरघरीशिवाय काही नव्हतं. हट्टी माणूस. स्वतःची चूक ऐकायलाही कान टवकारून बसतो.

१३ जानेवारी

गडचिरोलीला जाऊन कान तपासून आणले. कुणाला सांगितलं नाही.

काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. तपासणारी मुलगी म्हणाली, "आजी, आवाज आला की दाबा." मी म्हटलं, आजी नव्हे, मॅडम. तिनं मॅडम म्हटलं.

निकाल असा: खालचे स्वर दोन्ही कानांत उत्तम. वरचे स्वर डाव्या कानात बरेच कमी, उजव्यात थोडे. "वयानुसार" असं लिहिलंय. म्हणजे चिमण्या थोड्या गेल्या, घरघर शाबूत आहे.

बसमध्ये खिडकीशी बसून मनात आलं ते इथे खरं लिहिते. वरचे स्वर मला कमी येतात, तर त्या केबलनं वर काही उजळलं असेल आणि ते एकोणीस जणांना ऐकू आलं असेल, मला नाही, असं होऊ शकतं काय? तीस वर्षं काय चांगलं ऐकू येतं ते ठरवायचा पगार घेतला. ते ठरवणारं यंत्रच झिजलं असेल तर?

चातगावच्या जंगलापर्यंत हा विचार टिकला. मग मी स्वतःला सांगितलं, घरघर हा खालचा स्वर आहे, भांडण घरघरीचं आहे. आणि कान झिजले असतील तर तपासणी अजूनच कडक हवी, सैल नव्हे. उतरेपर्यंत मी पुन्हा ताठ होते.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

केबलला आठवडा झाला म्हणून आज मुद्दाम बैठक. आवाज लख्ख. घरघर नाही.

"पाहा!" गुणवंतराव मला म्हणाले. "मुरली." आणि हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला, बाई."

"मी खरं बोलते. गोड लागलं तर तुमचं नशीब," म्हटलं. तिळगूळ खाल्ला, तिळाचा काय दोष.

त्यांनी तिसरं गाणं तीनदा लावायला लावलं. लोक कंटाळले, बाजार उठायच्या आत घरी जायचं म्हणून एकेक निघाले. हे डोळे मिटून बसलेले, ओठ हलताहेत. माझ्यासमोर विजयाचा तमाशा किती वेळ करायचा याला काही मर्यादा? पुनम सांगते, ते आताशा कधी कधी दुपारीही एकटेच येऊन बसतात आणि तेच गाणं मागतात. "कशाला?" विचारलं तर म्हणाली, "काऊन तं मलेबी नाई मालूम. मी दार लोटून घेतो." अध्यक्ष म्हणून यंत्राचा खासगी वापर! हेही लिहून ठेवते.

१७ जानेवारी, शनिवार

आज परीक्षा घेतली.

लालसू मडावी इथला वायरमन. हाताला शॉकचे डाग, जिभेला हाड नाही. त्याला अ‍ॅम्प्लिफायरजवळ पडद्यामागे बसवलं. लोकांना सांगितलं, गाणं पाच वेळा वाजेल, प्रत्येक वेळी लालसू मनाला येईल ती वायर लावेल, तुम्ही चिठ्ठीवर "जुनी" किंवा "नवी" लिहा. कुणी कुणाच्या चिठ्ठीत डोकावायचं नाही. कॉन्व्हेंटच्या परीक्षेसारखं.

लालसूला मात्र मी वेगळं सांगून ठेवलं होतं. पाचही वेळा नुसती खुडबुड कर, वायर बदलू नको. पाचही वेळा जुनीच.

घरघर पाचही वेळा होती. तरी चिठ्ठ्या काय! तिसऱ्या वेळी अकरा जणांना "नवी" ऐकू आली. एकानं बाजूला लिहिलं, "तबला जवळ आला." त्या गाण्यात तबला नाही. रोवणा करणाऱ्या बायका चिखलात तबला घेऊन उतरत नाहीत.

मी पडदा सरकवला आणि पाचही वेळा जुनीच वायर होती हे सांगितलं. सगळे खो खो हसले, स्वतःवरच. आमच्या गावाचं हे मला आवडतं.

गुणवंतरावांच्या पाचही चिठ्ठ्यांवर एकच वाक्य: "आज ऐकू येऊन नाई राह्यलं." जुनी नाही, नवी नाही. मत बाद.

लालसू जाताना म्हणाला, "बाई, तुमी रोज लिवता ना डायरी? मंग वायर काय पाहता, वार पाहा."

१८ जानेवारी

वार पाहिले.

शनिवार: घरघर. बुधवार: नाही. शनिवार: घरघर. पुन्हा बुधवार: नाही. काल शनिवार: घरघर. माझ्याच अक्षरात उत्तर पडलं होतं आणि मी त्याच्यावर रागाचे कागद रचत होते.

बुधवार म्हणजे आमचा बाजार. बाजाराच्या दिवशी इथे मजूर कामावर येत नाही. ही रीत कायद्यापेक्षा जुनी आहे. त्या दिवशी रोवणा होत नाही, कापणी होत नाही, आणि राईस मिल चालत नाही.

लालसूला बोलावलं. तो पायरीवर बसला, चहा बशीत ओतला.

"मिल आन वाचनालय एकाच डीपीवर हाय, बाई. दिवाळीत गुणवंतभाऊनं मोटरवर नवा ड्राइव्ह बसवला, स्पीड कमी-जास्त कराचा. मीच तं जोडलो. तवापासून लायनीत कचरा येते. शेजारच्या घरचे टीव्हीबी कुरकुरतेत."

"आणि हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"कोनं इचारलं काय? सगळे केबल पाहून राह्यले होते." बशी ओठाला लावून तो म्हणाला, "आन मालकाले कोन सांगन का घरघर तुमचीच हाय मनून."

मी सांगेन.

१९ जानेवारी

मिलवर गेले. तळ्याच्या पलीकडे, घरापासून चारशे पावलं. आत कोंड्याचं धुकं. टेबल, खुर्च्या, कॅलेंडर, मुनिमाच्या भुवया, सगळं पिवळं. भिंतीवर हार घातलेला एका बाईचा फोटो, डोक्यावर पदर, तेवढाच स्वच्छ. काच कुणी तरी नुकतीच पुसली असावी. कामाच्या जागी स्वच्छतेचं भान कुठे तरी आहे, हे बरं वाटलं.

मी सगळं मांडलं. वार, डीपी, ड्राइव्ह. गुणवंतरावांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सीझन हाय, बाई. धानाचे ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत उभे हायेत. गाण्यासाठी मिल बंद करू मनता?"

"बंद करा म्हणत नाही. केबलला देव्हाऱ्यातून उतरवा म्हणते. आणि कॅसेट पाठवू नका."

"तो नागपूरवाला मनते, त्याच्या मशीनवर इतका साफ आवाज निघन का बाजूले बसून म्हनल्यासारखा."

"कोण बाजूला बसून?"

त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मग मी जरा तिखट बोलले. म्हटलं, "अध्यक्षसाहेब, तुम्ही केबल आणली, मुरवली, त्या तिसऱ्या गाण्याची पारायणं केलीत. त्या बाईचा आवाज गिळला कुणी? तुमच्या मोटरनं. दुसऱ्या कुणी नाही."

ते एकदम खाली बसले. मी उभी होते आणि ते बसले, हे त्यांच्या रीतीत बसत नाही. एवढा सणसणीत टोला बसेल असं मलाही वाटलं नव्हतं. एकदा मोटरकडे बघितलं. मग मुनिमाला म्हणाले, "बाईले चहा सांग."

चहा नको म्हटलं. आला तेव्हा प्याले. करून झालेला चहा वाया घालवणं माझ्या रीतीत बसत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

चार वाजता वाचनालयात शिरत होते तेव्हा काही तरी थांबलं. काय, ते कळेना. कान बधिर झाल्यासारखं वाटलं, तळ्यावरच्या बगळ्यांचे पंख ऐकू येतील इतकी शांतता. पुनम धावत बाहेर आली.

"बाई, मिल बंद झाली!"

रस्त्यावर बायका दारात आल्या. "कोन गेलं व?" एकीनं विचारलं. बाजाराचा दिवस सोडून मिल बंद होते ती घरात मौत झाली तरच.

कुणी गेलं नव्हतं. गुणवंतराव अंगावरचा कोंडा न झटकता आले आणि मागच्या बाकावर बसले. लालसूनं मला डोळा मारला. मी त्याला धामण काढायला सांगितली आणि साधी काळी वायर लावली. कुणी हरकत घेतली नाही.

आवाज स्वच्छ. शनिवारी, जुन्या वायरवर! एकोणीस माणसांदेखत. मला भाषण करायचं होतं, तयारही होतं. पण गुणवंतराव म्हणाले, "बाई, सतरा नंबर लावा. तिसरं गानं." विनंती होती, हुकूम नव्हता, म्हणून लावली.

ही कॅसेट जुलै १९९७ ची. रोवणा चालू होता. रोवणाऱ्या बायकांना शिदोरी घेऊन एक तरुण बाई बांधावर आली. बऱ्या घरची, हातात स्टीलचा डबा, पायांत चपला. इतर जणी गात होत्या, तिनं डबा ठेवला, चपला काढल्या, चिखलात उतरली आणि गायला लागली. असा आवाज मी तीस वर्षांत चार वेळा ऐकला असेन. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली, "नाव नोका लिवू जी. घरी कळन तं बोंब होईन. आमच्याकडे चालत नाई." म्हणून कार्डावर "एक बाई" एवढंच आहे. गाणं पऱ्ह्यातून, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यातून, उपटलेल्या रोपाचं.

पऱ्ह्यातलं रोप गं, कोनं उपटून आनलं,
दुसऱ्याच्या चिखलात गं, कोनं त्याले लावलं...

इथे टेपची बाजू संपते. ओळीचं उत्तर अर्धं राहिलं, याचं मला अठ्ठावीस वर्षं वाईट वाटत आलंय. खट्ट आवाज झाला, आणि मागच्या बाकावरून, बेसूर, घोगऱ्या आवाजात:

"चिखल लागला गोड गं, रोप तिथंच रुजलं."

मी वळले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"घरी म्हने," गुणवंतराव म्हणाले. "सैपाक करताना. मी आलो का बंद करे."

"कोण ती? नाव काय?"

ते उठले. दाराशी थांबले, टोपी हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि गेले. पुनम डोळे पुसत होती. तिला विचारलं, काय झालं गं? म्हणाली, "कोंडा गेला डोळ्यात, बाई."

साडेपाचला मिल पुन्हा सुरू झाली.

२५ जानेवारी, रविवार

पत्र आज दिलं, पोच घेतली. नक्कल इथे ठेवते.

प्रति, अध्यक्ष, श्रवण मंडळ, सालेटोला.

महोदय,

काल शनिवारी, तुमच्या केबलशिवाय, साध्या वायरवर आवाज साफ आला. तो तुम्ही ऐकलात. त्यासाठी हंगामात दीड तास मिल बंद ठेवलीत, याची मी नोंद घेतली आहे आणि त्याबद्दल आभार मानते. आभार एवढ्यावर संपतात.

कॅसेट नागपूरला पाठवण्याचं आता काही कारण उरलेलं नाही. कपाटाची किल्ली मला परत मिळावी. नकला मी इथेच, बाजाराच्या दिवशी करीन. ७ जानेवारीचं वाक्य ज्या एकोणीस माणसांसमोर उच्चारलंत, त्यांच्यासमोरच मागे घ्यावं. माझ्या कानांचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. वरचे स्वर कमी झाले आहेत हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मी काही लपवत नाही. इतरांनीही लपवू नये.

कारण आता कॅसेट सतराचा प्रश्न आहे. नक्कल करताना प्रत्येक गाण्यापुढे गाणारीचं नाव लागतं. या बाईचं नाव आमच्याकडे नाही, आणि तुम्हाला ते माहीत आहे, हे काल सिद्ध झालं. ती तुमच्या घरी स्वयंपाकाला असावी, असा माझा अंदाज आहे. नाव लिहू नका असं ती म्हणाली होती ते घरच्यांच्या भीतीनं. ती ज्यांना भ्यायली ते आज हयात आहेत काय, आणि असतील तर त्यांची अजूनही हरकत आहे काय, हे तुम्हीच सांगू शकता. हरकत असेल तर त्यांनी माझ्यासमोर येऊन सांगावी. माझ्याजवळ त्यांच्यासाठी बरंच काही बोलायचं साठलं आहे.

तोंडी उत्तर चालणार नाही. चहा पाजून दिलेलं तर मुळीच नाही. नाव तुम्ही स्वतःच्या अक्षरात, पूर्ण लिहावं. तिच्या नावापुढे कुणाचं नाव लागायचं असेल तर तेही. अर्धी राहिलेली ओळ त्याखाली लिहिलीत तर मी ती गाण्याला जोडीन.

मी शुक्रवार, दिनांक ३० जानेवारी २०२६ रोजी वाचनालयात बसून राहीन. सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर ही बाई जगाला कायम "एक बाई" म्हणूनच ऐकू येईल, आणि तो दोष माझ्या कानांचा नसेल.

इंदुमती धोटे